स्वयंचलित टीप (अमेरिका)

स्वयंचलित टीप म्हणजे किती द्यावे हे ग्राहकावर न सोपवता उपाहारगृहाने बिलातच ठरावीक टक्क्यांनी मिळवलेली टीपची रक्कम होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धत प्रामुख्याने मोठ्या गटांसाठी वापरली जाते. एका टेबलावर सहा, आठ किंवा त्याहून अधिक माणसे बसली, की खाद्यपेयांच्या रकमेवर साधारणतः १८ ते २० टक्के आकारले जातात. तशी सूचना बहुधा मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असते. बिलावर या रकमेचा उल्लेख 'ग्रॅच्युइटी' असा होतो. भारतात ग्रॅच्युइटी म्हटले की नोकरी संपताना मिळणारे उपदान डोळ्यांसमोर येते. अमेरिकी बिलावरील या शब्दाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

नावाने टीप असली, तरी अमेरिकेच्या संघीय कर व कामगार कायद्यांच्या दृष्टीने ही रक्कम टीप नसून सेवाशुल्क ठरते. टीप ही वेटरच्या मालकीची असते, सेवाशुल्क हे मालकाचे उत्पन्न असते. ग्राहकाला मात्र दोन्ही सारखेच वाटतात. या विषयावरील बहुतेक वादांचे मूळ या तफावतीत आहे.

पार्श्वभूमी

टीप देण्याची चाल अमेरिकेत यादवी युद्धानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावली. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना रेल्वेच्या शयनयानांत आणि उपाहारगृहांत नाममात्र वेतनावर ठेवायचे व उरलेली कमाई प्रवाशांच्या वा ग्राहकांच्या मर्जीवर सोडायची, ही त्या काळची सोयीची व्यवस्था होती. पुलमन कंपनीचे रेल्वे-हमाल हे तिचे ठळक उदाहरण. या प्रथेला विरोधही तितकाच तीव्र होता. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टीपवर बंदी घातली आणि आणखी काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. विल्यम स्कॉट यांनी १९१६ मध्ये 'द इचिंग पाम' या पुस्तकात टीप ही लोकशाहीला न शोभणारी प्रथा असल्याचे प्रतिपादन केले. तथापि १९२६ पर्यंत हे बंदीचे कायदे मागे घेतले गेले.

संघीय किमान वेतनाचा कायदा १९३८ चा असला, तरी उपाहारगृहांतील कामगार १९६६ च्या दुरुस्तीनंतरच त्याच्या कक्षेत मोठ्या प्रमाणावर आले. त्याच दुरुस्तीने मालकांना एक सवलत दिली. कामगाराला मिळणारी टीप किमान वेतनाचा भाग धरून तेवढे रोख वेतन कमी देण्याची मुभा त्यांना मिळाली. टीप मिळवणाऱ्या कामगाराचे संघीय किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर इतकेच आहे. १९९६ मध्ये सर्वसाधारण किमान वेतनाशी असलेला त्याचा दुवा तोडण्यात आला, त्यामुळे पुढील वाढींचा त्यावर परिणाम झाला नाही. सर्वसाधारण किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. मधल्या ५.१२ डॉलरची भरपाई टीपमधून व्हावी आणि ती न झाल्यास मालकाने फरक द्यावा, अशी तरतूद आहे. कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या राज्यांत ही सवलत नाही, तेथे वेटरलाही राज्याचे पूर्ण किमान वेतन द्यावे लागते. इतर अनेक राज्यांनी रोख वेतन २.१३ डॉलरपेक्षा वर नेले आहे.

अर्थात, ज्या राज्यांत मूळ वेतन नगण्य आहे, तेथे टीप ही खुशाली राहत नाही. ती वेटरच्या घरखर्चाची मुख्य रक्कम असते.

मोठ्या गटांपुरतीच का

मोठा गट वेटरच्या दृष्टीने जोखमीचा असतो. अमेरिकी उपाहारगृहांत प्रत्येक वेटरकडे ठरावीक टेबले सोपवलेली असतात. बारा जणांसाठी तीन-चार टेबले जोडली, की त्याची जवळजवळ सारी संध्याकाळ एकाच गटाच्या हाती जाते. असा गट येतो सावकाश, बसतो अधिक वेळ आणि उठतोही रेंगाळत. त्या एका बिलावरची टीप बुडाली, तर भरपाईसाठी दुसरे टेबल उरत नाही.

टीपमधील वाटपामुळे ही जोखीम वाढते. वेटर आपल्या टीपमधून टेबले उचलणाऱ्या मदतनिसाला, ताटे आणून देणाऱ्याला आणि बारवरच्या कर्मचाऱ्याला वाटा देतो. अनेक ठिकाणी हा वाटा मिळालेल्या टीपवर नव्हे, तर झालेल्या विक्रीवर मोजतात. समजा, एका गटाचे बिल ८०० डॉलर झाले आणि वाटा विक्रीच्या ४ टक्के ठरला आहे. गटाने काहीही न ठेवता काढता पाय घेतला, तरी ३२ डॉलरचा हिशेब वेटरच्या नावावर लागतो आणि तो इतर टेबलांच्या टीपमधून भागवावा लागतो.

गट मोठा झाला की टीपची टक्केवारी घटते, हे वेटरांचे जुने निरीक्षण आहे. सामाजिक मानसशास्त्रज्ञ बिब लटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकट्याने जेवणारे सुमारे १९ टक्के टीप ठेवत, तर पाच-सहा जणांच्या गटात हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास उतरे, असे आढळले. जबाबदारी अनेकांत वाटली गेली की प्रत्येकाला ती कमी जाणवते, असा अर्थ त्यांनी लावला. पुढे कॉर्नेल विद्यापीठातील मायकेल लिन यांनी या निष्कर्षाबाबत सावधगिरी सुचवली. त्यांनी व चार्ल्स बाँड यांनी १९९२ मध्ये दाखवले, की लोक बिल कितीही असले तरी काही किमान रक्कम ठेवतात. त्यामुळे लहान बिलावर टक्केवारी फुगलेली आणि मोठ्या बिलावर आक्रसलेली दिसते. गटाची मनोवृत्ती तीच असतानाही असे घडू शकते. मात्र कारण जबाबदारीच्या वाटणीत असो वा अंकगणितात, मोठ्या टेबलावर वेटरला मिळणारा टक्का कमी भरतो.

आणखी एक साधे कारण आहे. वर्गणी काढून बिल भरताना प्रत्येक जण आपल्या पदार्थाची छापील किंमत तेवढी देतो. कर आणि टीप विसरली जाते. शेवटी तूट भरून काढण्याचे काम टेबलावर उरलेल्या एखाद-दुसऱ्यावर येते.

टीप की सेवाशुल्क

टीप कशाला म्हणावे, यासाठी अमेरिकेच्या अंतर्गत महसूल सेवेने चार कसोट्या ठरवल्या आहेत. रक्कम सक्तीविना दिलेली असावी. ती किती असावी हे ठरवण्याचा निर्बाध हक्क ग्राहकाला असावा. ती वाटाघाटीतून किंवा मालकाच्या धोरणातून आलेली नसावी. आणि ती कोणाला मिळावी हे सर्वसाधारणपणे ग्राहकाने ठरवावे. २०१२ मधील निर्णयपत्रात या सेवेने नेमके मोठ्या गटाचेच उदाहरण घेतले. सहा किंवा अधिक जणांच्या बिलावर १८ टक्के आपोआप लावणाऱ्या उपाहारगृहाची ती रक्कम सेवाशुल्क होय, असे त्यात म्हटले आहे. याउलट, बिलाखाली १५, १८ व २० टक्क्यांचे आकडे केवळ सोयीसाठी छापले आणि टीपची ओळ कोरी सोडली, तर ग्राहक जे लिहील ती टीपच राहते.

या निर्णयपत्राची अंमलबजावणी जानेवारी २०१४ पासून सुरू झाली आणि तिचे परिणाम व्यावहारिक होते. सेवाशुल्कातून वेटरला दिलेली रक्कम टीप नसून वेतन ठरते. ती पगाराच्या नोंदीतून, कर कापून द्यावी लागते. रोख टीप त्याच रात्री खिशात पडते, ही रक्कम मात्र पगाराच्या दिवसापर्यंत थांबते. ती वेतनाचा भाग असल्यामुळे जादा कामाचा दर काढतानाही हिशेबात धरावी लागते. शिवाय, कामगारांच्या टीपवर भरलेल्या सामाजिक सुरक्षा कराबद्दल उपाहारगृहांना जी आयकर-सवलत मिळते, ती सेवाशुल्काला लागू होत नाही. मालकांच्या दृष्टीने हा मोठाच तोटा होता. ऑलिव्ह गार्डन व लाँगहॉर्न स्टेकहाउस या साखळ्या चालवणाऱ्या डार्डन कंपनीत आठ किंवा अधिक जणांच्या गटाला १८ टक्के लावण्याची प्रथा होती. नवे नियम लागू होण्याच्या सुमारास तिने ही प्रथा सोडून सुचवलेल्या टक्केवारीचा मार्ग धरला.

वेटरसाठी सर्वांत महत्त्वाचा परिणाम मालकीचा आहे. संघीय कायद्यानुसार मालक, व्यवस्थापक वा पर्यवेक्षक यांना कामगारांच्या टीपमधील वाटा ठेवता येत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने हे अधिक स्पष्ट केले. सेवाशुल्काला हे संरक्षण नाही. मालकाने ते पूर्णतः वेटरला दिले, स्वयंपाकघरात वाटले किंवा स्वतःकडे ठेवले, तरी संघीय कायदा आड येत नाही. ग्राहक मात्र १८ टक्के भरून वेटरचे देणे फिटले, अशा समजुतीने उठतो. प्रत्यक्षात बहुसंख्य उपाहारगृहे ही रक्कम वेटरलाच देतात. पण तसे करणे त्यांच्यावर कायद्याने नव्हे, व्यवहाराच्या रीतीने बंधनकारक असते.

२०२५ च्या संघीय करकायद्याने हा भेद आणखी ठळक केला. २०२५ ते २०२८ या वर्षांत टीपच्या उत्पन्नापैकी वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची रक्कम आयकरासाठी वजा करण्याची सोय त्यात आहे. ही सोय स्वेच्छेने दिलेल्या टीपपुरती आहे. ग्राहकाला रक्कम बदलण्याचा किंवा वगळण्याचा पर्याय नसेल, तर स्वयंचलित टीप तिच्यात बसत नाही. अशा रीतीने वेटरला संरक्षण म्हणून आलेली पद्धतच त्याला करसवलतीपासून दूर ठेवते.

न दिल्यास काय होते

स्वयंचलित टीप नाकारणाऱ्यांना अटक झाल्याची काही उदाहरणे आहेत. २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथे एका गटाच्या यजमानाने १८ टक्क्यांऐवजी दहा टक्क्यांहूनही कमी रक्कम ठेवली. त्याच्यावर सेवेच्या चोरीचा आरोप ठेवण्यात आला. मेन्यूत वापरलेला शब्द 'ग्रॅच्युइटी' असल्याने ती ऐच्छिकच ठरते, या कारणास्तव जिल्हा सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतला. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम गावात असाच प्रसंग घडला. जेवणासाठी तासाहून अधिक वेळ ताटकळल्याची आणि काटे-चमचे स्वतःच शोधून आणावे लागल्याची दोन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची तक्रार होती. त्यांनी बिल व कर भरला, पण सुमारे १६ डॉलरची टीप दिली नाही. त्यांनाही अटक झाली व नंतर आरोप मागे घेण्यात आला. त्यामुळे नाकारलेली टीप ही फौजदारी बाब मानण्याकडे सरकारी वकिलांचा कल दिसत नाही. मात्र मागणी नोंदवण्यापूर्वी स्पष्टपणे कळवलेले शुल्क हे कराराचा भाग असल्याचा दावा मालक दिवाणी मार्गाने करू शकतो.

राज्यांचे नियम

राज्याराज्यांत नियम भिन्न आहेत. फ्लोरिडात स्वयंचलित टीप वा सेवाशुल्क लावायचे असल्यास मेन्यू आणि बिल या दोन्हींवर तशी सूचना आवश्यक आहे. टीपची सवय नसलेल्या परदेशी पर्यटकांची गर्दी असलेल्या मायामी बीचसारख्या भागांत तर दोघांच्या बिलावरही ती सर्रास लागते. हवाईत सेवाशुल्क पूर्णपणे कर्मचाऱ्यांना दिले जाणार नसेल, तर तसे ग्राहकाला सांगणे बंधनकारक आहे. न्यूयॉर्क शहरात बिलावर मनमानी अधिभार लावता येत नाही. आठ किंवा अधिक जणांच्या गटावरील पूर्वसूचित शुल्काला मात्र सूट आहे. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००८ मध्ये वर्ल्ड यॉट या भोजन-नौकांच्या कंपनीच्या प्रकरणात निर्णय दिला, की सामान्य ग्राहकाला जी रक्कम टीप वाटेल, ती सक्तीची असली तरी मालकाला स्वतःकडे ठेवता येणार नाही. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानेही २०१९ मध्ये मेजवानीच्या सेवाशुल्काबाबत अशीच शक्यता मान्य केली. या दोन राज्यांत म्हणूनच वेटरची बाजू संघीय कायद्यापेक्षा भक्कम आहे.

शिष्टाचार

बिलात रक्कम आधीच मिळवलेली असल्यास आणखी टीप देण्याची अपेक्षा नसते. तरीही कार्डाच्या पावतीवर टीपची कोरी ओळ छापलेली असते आणि नवखा ग्राहक तेथे पुन्हा २० टक्के लिहून बसतो. दुबार टीपचे हे प्रकार इतके नेहमीचे आहेत, की सही करण्यापूर्वी बिलाच्या ओळी वाचणे हाच या बाबतीतला पहिला नियम मानला जातो. विशेष चांगल्या सेवेबद्दल थोडी भर घालणे हे ऐच्छिक असते. टीप सामान्यतः करापूर्वीच्या रकमेवर मोजतात, आणि सवलतीचे कूपन वापरले असल्यास मूळ किमतीवर.

सेवा असमाधानकारक वाटली, तर पैसे देण्यापूर्वी व्यवस्थापकाशी बोलण्याची रीत आहे. शुल्क कमी करण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार त्याला असतो, वेटरला बहुधा नसतो. गटातील प्रत्येकाने वेगळे बिल मागितले, म्हणून शुल्क टळत नाही, कारण ते टेबलावरील माणसांच्या संख्येवर ठरते. लहान मुले त्या संख्येत धरायची की नाहीत, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. जागा राखून ठेवतानाच विचारून घेणे सोयीचे.

भारतातील स्थिती

भारतात गटाच्या आकारानुसार टीप आकारण्याची पद्धत रूढ नाही. मुंबई, पुणे व इतर शहरांतील अनेक उपाहारगृहे सरसकट सर्वच बिलांवर ५ ते १० टक्के सेवाशुल्क लावत आली आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून असे शुल्क आपोआप किंवा दुसऱ्या कोणत्याही नावाने लावण्यास मनाई केली. उपाहारगृहांच्या संघटनांच्या याचिकांवर दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात या तत्त्वांना स्थगिती दिली. २८ मार्च २०२५ रोजी याचिका फेटाळून त्याच न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने ती वैध ठरवली. त्याविरुद्ध संघटनांनी खंडपीठाकडे अपील केले. अमेरिकेत पूर्वसूचना दिली की शुल्क वैध मानले जाते. भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत मात्र सेवाशुल्क ऐच्छिक असल्याचे ग्राहकाला सांगणे ही उपाहारगृहाची जबाबदारी आहे.