शिक्षकाच्या घरचा संगणक व त्याचे रक्षण

प्राथमिक शाळेचे बरेचसे काम आज शिक्षकाच्या घरच्या संगणकावर होते. यू-डायस प्लसची माहिती भरणे, निकालपत्रके तयार करणे, विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांच्या याद्या जुळविणे ही कामे शाळा सुटल्यावर घरी बसून पुरी करावी लागतात. त्यामुळे तो संगणक केवळ एका कुटुंबाची वस्तू राहत नाही. गावातील अनेक घरांच्या मुलांची नावे, जन्मतारखा व पालकांचे बँक खाते क्रमांक त्यात साठविलेले असतात. पालकांनी ही माहिती शाळेच्या विश्वासावर दिलेली असते. म्हणून या संगणकाचे रक्षण हा शिक्षकाच्या कर्तव्याचाच एक भाग समजला पाहिजे.

व्हायरस म्हणजे काय?

संगणकाला दिलेल्या आज्ञांच्या मालिकेस प्रोग्रॅम म्हणतात. व्हायरस हाही एक प्रोग्रॅमच होय. मात्र तो स्वतःच्या नकला करून एका यंत्रातून दुसऱ्यात शिरतो. १९८६ साली लाहोर येथील दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या द्वारे देशोदेशी पोहोचला, त्यावरून या प्रसाराची कल्पना यावी. स्पायवेअर हा प्रकार निराळा आहे. तो काही बिघडवीत नाही. गुपचूप बसून कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपतो आणि पासवर्ड दूरच्या चोराकडे पाठवितो. तिसरा प्रकार रॅन्समवेअर. हा सर्व फायली कुलूपबंद करून त्या सोडविण्यासाठी खंडणी मागतो.

कीड आत येते कशी?

जोंधळा पेवात भरण्यापूर्वी नीट वाळविला नाही, तर कीड दाण्याबरोबरच आत जाते. पेव बंद केल्यावर तिला अडविणारे कोणी नसते. संगणकाचेही तसेच आहे. कीड बहुधा आपल्याच हाताने आत जाते.

बार्शी तालुक्यातील उदाहरण घ्यावे. वैराग वा पांगरीकडील शिक्षक निकालपत्रके छापण्यासाठी पेनड्राइव्ह घेऊन बार्शीच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. त्या दुकानातील संगणकाला दिवसभरात अनेकांचे पेनड्राइव्ह लागतात. त्यांपैकी एक दूषित असला, तर दुकानातील संगणक दूषित होतो व पुढे येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह तीच कीड घरी नेतो. केंद्रातील सभेत तोच पेनड्राइव्ह हातोहात फिरला, की अनेक शाळांत ती पोहोचते. ‘शॉर्टकट व्हायरस’ याच वाटेने पसरतो. पेनड्राइव्हवरील फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात. अशा वेळी घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नये. मूळ फोल्डर बहुधा नष्ट झालेले नसून लपविलेले असतात व जाणकाराच्या साह्याने ते परत मिळू शकतात.

यावर सोपा उपाय असा की, छपाईसाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा व त्यात केवळ छापावयाच्या पीडीएफ प्रती न्याव्यात. घरी आल्यावर तो उघडण्यापूर्वी अँटिव्हायरसकडून तपासून घ्यावा. मुलांची मूळ यादी त्यात कधीही ठेवू नये.

दुसरी वाट फसव्या फायलींची. ‘निकाल.पीडीएफ.ईएक्सई’ अशा नावाची फाइल कागदपत्र नसून प्रोग्रॅम असते. परंतु नावाचा शेवटचा भाग विंडोज बहुधा दाखवीत नाही. तो दिसेल अशी व्यवस्था फोल्डरच्या ‘व्ह्यू’ या विभागात करता येते. लग्नपत्रिका वा वाहनदंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल हा याच कपटाचा मोबाइलवरील अवतार होय. तिसरी वाट चोरीच्या सॉफ्टवेअरची. फुकट मिळालेल्या प्रतीचे कुलूप तोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्येच पुष्कळदा स्पायवेअर दडलेले असते.

दुरुस्तीस विलंब नको

विंडोज वारंवार ‘अपडेट’ मागते, तेव्हा ते कंटाळवाणे वाटते. परंतु त्याचे महत्त्व २०१७ साली जगास कळले. विंडोजमधील एका उणिवेची दुरुस्ती त्या वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने त्याच उणिवेतून शिरून इंग्लंडमधील रुग्णालयांसह जगभरचे लक्षावधी संगणक कुलूपबंद केले. ज्यांनी दुरुस्ती केली होती, त्यांच्या यंत्रांत त्या उणिवेतून शिरणे त्यास शक्य नव्हते. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या अशाच हल्ल्यामुळे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हेही ध्यानात घ्यावे. ज्यांचा संगणक पेलू शकेल, त्यांनी विंडोज ११ घ्यावे.

अँटिव्हायरसची गरज वेगळी सांगावयास नको. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ असतोच. तो बंद करू नये. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून आरंभ करणारे कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय काटकर यांनी ‘क्विक हील’ उभे केले. दुरुस्तीस आलेल्या संगणकांतील व्हायरसांनीच त्यांना या कामाची दिशा दिली. तथापि अँटिव्हायरस हा पहारेकरी आहे. दार आपणच उघडून दिले, तर त्याचा निरुपाय होतो. एका यंत्रावर दोन अँटिव्हायरस ठेवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

नक्कल व प्रथमोपचार

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे नक्कल. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी व काम होताच ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. सदैव जोडलेली डिस्क रॅन्समवेअर संगणकाबरोबरच कुलूपबंद करते. घरातील मुलांसाठी विंडोजमध्ये स्वतंत्र, मर्यादित अधिकारांचे खाते उघडून द्यावे.

संगणक दूषित झाल्याचा संशय येताच प्रथम इंटरनेट तोडावे. नंतर पूर्ण तपासणी करावी आणि पासवर्ड दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून बदलावेत. खंडणी देऊ नये. ती देऊनही फायली मिळण्याचा भरवसा नसतो. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक असते. मुलांची माहिती बाहेर गेल्याची शंका असल्यास मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगावे. संकोचाने लपविल्यास ज्यांची माहिती गेली, ते पालक बेसावध राहतात.

हे उपाय करण्यास संगणकशास्त्राचे ज्ञान लागत नाही. हजेरीपट जसा नित्य व काळजीपूर्वक ठेवला जातो, तशीच ही दक्षता नित्याची झाली पाहिजे. केंद्रातील सभेत एखाद्या जाणकार शिक्षकाने हे प्रत्यक्ष करून दाखविल्यास सर्वांचाच लाभ होईल.