संकेतपृष्ठाचे शीर्षक आणि शोधयंत्र : रायगड किनाऱ्यावरील स्थलनामांच्या आधारे

वृत्तपत्रातील मथळ्याखाली लगेच बातमी असते आणि पुस्तकाच्या नावाला मुखपृष्ठाचा आधार असतो. संकेतपृष्ठाचे शीर्षक मात्र पुष्कळदा पानापासून दूर, शोधयंत्राने दाखविलेल्या यादीत, इतर अनेक शीर्षकांच्या गर्दीत वाचले जाते. पान उघडायचे की पुढे सरकायचे हे वाचक तेथेच ठरवतो. म्हणून हे शीर्षक पानाबाहेरही पूर्ण अर्थ देणारे असावे लागते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पानावर मोठ्या अक्षरांत दिसणारे शीर्षक वेगळे आणि पानाच्या एचटीएमएल लेखनात 'टायटल' या खुणेत नोंदविलेले शीर्षक वेगळे. दुसरे शीर्षक ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसते आणि शोधाच्या निकालांत प्रामुख्याने तेच वापरले जाते. दोन्ही सारखीच असावीत असे बंधन नाही. नागावच्या एखाद्या घरगुती निवासाच्या चालकाने पानावर 'सागराची साद' असे हौसेने लिहावे. परंतु 'टायटल'मध्येही तेवढेच लिहिले, तर नागावला मुक्कामाची सोय शोधणाऱ्या कुटुंबाला ते पान सापडण्याची शक्यता फार थोडी. तेथे 'नागाव, अलिबाग : घरगुती निवास आणि जेवण' असे साधे शीर्षकच उपयोगी पडते.

शीर्षकात स्थलनाम हवे, हे सर्वांनाच पटते. परंतु नुसत्या नामाने स्थळ निश्चित होतेच असे नाही, आणि रायगडचा किनारा याची उत्तम उदाहरणे पुरवतो. 'मुरुड' म्हटले की रायगडकरांना जंजिऱ्याशेजारचे गाव आठवते. पण महर्षी कर्वे यांचे मुरुड दापोली तालुक्यात आहे आणि आणखी एक मुरुड लातूर जिल्ह्यात आहे. 'रायगड' हे किल्ल्याचे नाव तसेच जिल्ह्याचेही. किल्ला महाड तालुक्यात, समुद्रापासून दूर डोंगरात आहे. त्यामुळे 'रायगड पर्यटन' या शीर्षकावरून वाचकाने गड समजावा की किनारा? हा जिल्हा १९८१ पर्यंत 'कुलाबा' या नावाने ओळखला जाई. आज नुसते 'कुलाबा' लिहिले, तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचा दक्षिण भाग उभा राहतो, अलिबागसमोरचा जलदुर्ग नव्हे. अशा प्रत्येक ठिकाणी शेजारी एक ओळखशब्द जोडावा : 'मुरुड-जंजिरा', 'कुलाबा किल्ला, अलिबाग'. वाचकाच्या मनातील संदिग्धता आणि यंत्राची संदिग्धता येथे एकाच शब्दाने दूर होते.

मराठीच्या अभ्यासकाला विशेष रस वाटावा असा प्रश्न सामान्यरूपाचा आहे. शोधणारी व्यक्ती बहुधा मूळ रूप टंकलिखित करते : 'पांढरा कांदा', 'जंजिरा किल्ला'. आपण मात्र सवयीने 'पांढऱ्या कांद्याची लागवड', 'जंजिऱ्याच्या किल्ल्याविषयी' असे लिहितो. 'कांदा' आणि 'कांद्याची' यांतील नाते आपल्याला सहज कळते. यंत्राला ते प्रत्येक वेळी कळेलच या भरवशावर राहू नये. यावर सोपा उपाय अपूर्णविरामाचा. भौगोलिक मानांकन मिळालेल्या अलिबागच्या कांद्यावरील पानाला 'अलिबागचा पांढरा कांदा : लागवड आणि साठवण' असे शीर्षक दिले, तर मुख्य शब्द मूळ रूपात राहतात आणि वाक्यही मोडत नाही. प्रत्येक शीर्षकात अपूर्णविराम आला की वाचन रुक्ष होते हे खरे, पण येथे तो दोष पत्करण्याजोगा आहे. शुद्धलेखनाचे भेद ('अलिबाग' व 'अलीबाग', 'मुरुड' व 'मुरूड') शोधयंत्रे बऱ्याच अंशी जुळवून घेतात. ते सगळे शीर्षकात कोंबू नयेत. मात्र मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेली अक्षरे पडद्यावर मराठी दिसली, तरी यंत्राच्या लेखी ती निराळीच चिन्हे असतात.

एकच शब्द पुन्हापुन्हा लिहिल्याने पान वर येते, हा समज अजून पुरता गेलेला नाही. 'अलिबाग हॉटेल, स्वस्त अलिबाग हॉटेल, हॉटेल अलिबाग' अशी माळ वाचकाला संशयास्पद वाटते आणि यंत्रालाही. 'कीवर्ड्स' या खुणेतील शब्दांचा आपण क्रमवारीसाठी उपयोग करीत नाही, असे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले होते. शीर्षक रिकामे, अतिलांब किंवा सर्व पानांवर एकसारखेच असेल, तर गूगल पानावरील दुसरा मजकूर उचलून स्वतःच शीर्षक बनवू शकते.

लांबीविषयी 'साठ अक्षरे' असा नियम सांगितला जातो. तो रोमन लिपीच्या अनुभवावर बेतलेला अंदाज आहे. गूगलने शीर्षकाला अशी मर्यादा घातलेली नाही. पडद्याच्या रुंदीत न मावणारा भाग दाखवताना कापला जातो, इतकेच. शिवाय देवनागरीत मोजणीच निराळी. 'किल्ला' हा शब्द आपल्या लेखी दोन अक्षरांचा. संगणक त्यात वेलांटी, हलन्त आणि काना धरून सहा चिन्हे मोजतो. तेव्हा अक्षरे मोजण्यापेक्षा महत्त्वाचे शब्द आधी आणणे बरे.

हा क्रम केवळ सोयीचा नसतो. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून पायी जाता येते. भरती आली की ती वाट पाण्याखाली जाते. आता हे शीर्षक पाहा : 'कुलाबा किल्ला, अलिबाग : पायी जाण्याचा मार्ग, इतिहास, छायाचित्रे आणि ओहोटीच्या वेळा'. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर याचा उत्तरार्ध कापला गेला, तर शिल्लक राहील ते 'पायी जाण्याचा मार्ग'. घाईतल्या प्रवाशाने तेवढेच वाचले, तर ज्या शब्दावर त्याचे सुखरूप परतणे अवलंबून आहे तोच गळालेला असेल. त्याऐवजी 'कुलाबा किल्ला, अलिबाग : ओहोटीतच पायी वाट' असे लिहावे. इतिहास आणि छायाचित्रे पानावर आहेतच. शीर्षकात ती नसली तरी बिघडत नाही.

ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे ज्या पानावरील वेळापत्रक दररोज बदलले जाणार नाही, त्याच्या शीर्षकात 'आजच्या वेळा' असे शब्द घालू नयेत.