एका फाइलीतले अनेक मेंबर

आमच्याकडचा जुना आरपीजी सोर्स नुकताच गिटमध्ये गेला. सोर्स फाइलीतला प्रत्येक मेंबर, म्हणजे तिच्यातला स्वतंत्र नावाचा भाग, सुटा काढून त्याची साधी मजकुराची फाइल केली. काम नेटकं झालं, पण प्रत्येक ओळीशेजारी असायची ती शेवटच्या बदलाची तारीख गेली. वीस वर्षांपूर्वीची दुरुस्ती आणि परवाची दुरुस्ती आता एकाच दिवसाची दिसते.

मेंबर ही चीज तशी जुनीच. मेनफ्रेमवर ओएस/३६०च्या काळापासून पार्टिशन्ड डेटा सेट आहेत. मेंबर खोडला तरी त्याची जागा मोकळी व्हायची नाही, अधूनमधून कॉम्प्रेस चालवावा लागायचा. पुढे १९७८मध्ये सिस्टीम/३८ जाहीर झाली, १९८८मध्ये एएस/४००; तिथल्या फाइलींतही मेंबर आलेच. हा इतिहास मला ऐकूनच ठाऊक.

माझं दशक नव्वदचं, एएस/४००वरचं. ट्रान्झॅक्शन फाइल एक, तिच्यात दर महिन्याचा वेगळा मेंबर. फील्ड तेच, प्रोग्राम तोच. कॉल करण्याआधी ओव्हीआरडीबीएफ कमांड देऊन मेंबर सांगायचा. वर्ष सरलं की जुने मेंबर टेपवर घ्यायचे आणि आरएमव्हीएम कमांडने काढून टाकायचे. लाखो रेकॉर्ड एकेक करून डिलीट करणं नको, मग फाइल रिऑर्गनाइज करत रात्र घालवणं नको. डिस्क महाग होती तेव्हा ही काटकसर पगाराइतकीच खरी होती.

मग एसक्यूएलवाले आले. एसक्यूएलला मेंबर ठाऊकच नाही. काही सांगितलं नाही तर ते पहिलाच मेंबर वाचतं. एका सल्लागारानं रेकॉर्ड मोजले, आकडा फारच कमी आला, आणि डेटा हरवल्याची बोंब थेट साहेबांपर्यंत गेली. एलियस बनवून बाकीचे मेंबर दाखवले, तेव्हा ऐकायला मिळालं की डिझाइनच मागासलेलं आहे. २००४मध्ये सिस्टीमच्या व्ही५आर३ आवृत्तीबरोबर पार्टिशन्ड टेबल आली, आणि हीच मंडळी टाळ्या वाजवायला पुढे. त्या टेबलचं प्रत्येक पार्टिशन म्हणजे आतून एक मेंबरच, वर त्यासाठी तेव्हा वेगळं लायसन्स लागायचं! आमचं फुकटातलं मागासलेपण त्यांनी पैसे मोजून घेतलं.

गिटला माझा विरोध नाही. मेंबरच्या दहा अक्षरी नावांच्या जाचातून सुटका झाली, हेही मान्य. पण तुमचे मेंबर अजून हलवले नसतील तर आधी एसआरसीडीएटी हे ओळीच्या बदलाच्या तारखेचं फील्ड वेगळ्या टेबलात उतरवून ठेवा. आणि ते एसक्यूएलनं करणार असाल, तर प्रत्येक मेंबरचा एलियस बनवायला विसरू नका.