कावळा, फांदी आणि मार्शमॅलो

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकदा गाठ पडली, तर तो योगायोग. पण शंभर झाडांवर तसंच दिसलं तर? मग योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. अशा वेळी मानसशास्त्रज्ञ ‘सहसंबंध’ मोजतात.

एक गाजलेलं उदाहरण घेऊ. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे मार्शमॅलोसारखा खाऊ ठेवला. लगेच खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन! १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दिसलं, की जास्त वेळ थांबलेल्या मुलांना पुढे सॅट या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षेत जास्त गुण मिळाले होते. एका गटात गणिताच्या गुणांशी सहसंबंध होता ०.५७.

हा आकडा उणे १ ते अधिक १ यांमध्ये असतो. अधिक म्हणजे एक वाढलं की दुसरंही वाढतं. उणे म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं. शून्याजवळ म्हणजे सरळ रेषेतलं नातं जवळपास नाही. ०.५७ म्हणजे ५७ टक्के नव्हे. त्याचा वर्ग केला की ०.३२ येतो, गुणांमधल्या फरकांपैकी जेमतेम एक तृतीयांश थांबण्याच्या वेळेशी जुळतो. शिवाय त्या गटात होती अवघी ३५ मुलं, तीही विद्यापीठाच्या परिसरातल्या कुटुंबांतली.

तरी पालकांनी अर्थ काढला: मुलाला थांबायला शिकवा, परीक्षेचं आपोआप होईल. इथेच गफलत होती. खाऊ झाकला तर मूल जास्त थांबतं का, हे मिशेल यांनी प्रयोगानं तपासलं होतं. थांबण्यामुळे गुण वाढतात का, यावर मात्र प्रयोग नव्हता. ते होतं अनेक वर्षांनंतरचं निरीक्षण.

२०१८मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. पंधराव्या वर्षीच्या शालेय प्रगतीशी असलेला संबंध जुन्या आकड्याच्या निम्म्यावर आला. घरची परिस्थिती, घरातलं वातावरण आणि मुलाची आधीची आकलनक्षमता हिशेबात घेतल्यावर उरलेल्यातलाही दोन तृतीयांश भाग गळाला.

संबंध खोटा नव्हता. पण ज्या घरात उद्याची खात्री असते, तिथल्या मुलाला थांबणंही सोपं जातं आणि अभ्यासही. कावळा खरा, मोडलेली फांदीही खरी. झाडाच्या मुळांकडे मात्र बराच काळ फारसं कुणी पाहिलं नव्हतं.