सेकंडहँड माईक घेताय? आधी हे तपासा

मी भिवंडीत राहतो. इथे घरी गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे यंत्रमागांची खडखड आलीच. म्हणून किंमत बघण्याआधी माईकचा प्रकार बघा.

कंडेन्सर माईक बारीक आवाजही टिपतो, म्हणजे शेजारचा मागही! स्टुडिओतल्या बहुतेक कंडेन्सरना ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. साध्या डायनॅमिक माईकला ती लागत नाही. तो तोंडाजवळ धरून गायलात की बाहेरचा गोंगाट त्यामानाने कमी येतो. शुअरचा एसएम५८ हा असाच माईक, १९६६ पासूनचा. त्याच्या नकलाही भरपूर आहेत. अस्सल माईक साधारण ३०० ग्रॅमचा असतो. हातात हलका लागला तर सावध व्हा; पण नुसतं वजन जुळलं म्हणून तो अस्सल ठरत नाही.

जुनं घेताना मी काय बघतो?

१. हेडफोन लावून केबल हलवतो. खरखर आली तर केबल बदलून पुन्हा ऐकतो.
२. ऑडिओ इंटरफेसचा प्रत्येक नॉब फिरवतो. फोनला जोडायचा असेल तर तो 'क्लास कंप्लायंट' हवा, नाहीतर ड्रायव्हरवाचून अडतं.
३. व्हिंटेज मशीनमधले कपॅसिटर वयाने खराब होतात, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च किमतीत धरतो.

आणि हो, स्वतः ऐकल्याशिवाय ॲडव्हान्स पाठवू नका.