दोन पेले : एक रोमचा, एक रानातला

गोडा मसाला ज्या घरी होतो, त्या घराला दगडफुलाची ओळख करून द्यावी लागत नाही. परंतु ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवल यांच्या एकत्र संसारातून सिद्ध झालेले ते शैवाक होय. शैवल उन्हात अन्न तयार करते. बुरशी त्याला आसरा देते. हे रहस्य श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली उलगडले.

लोधिवलीच्या परिसरात जुन्या झाडांच्या खोडांवर जे करडे-हिरवे चट्टे आपण पाहतो, त्यांतही शैवाके असतात. भिंग लावले तर काहींवर इवल्याशा वाट्या दिसतात. थंड प्रदेशातल्या क्लॅडोनियाचा तर देठावर उभा असलेला पेलाच! वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला ‘सायफस’ म्हटले. हा मूळचा ग्रीक शब्द. रोमन लोक दोन कानांच्या खोल मद्यपात्राला तो लावीत. इ. स. ७९ मध्ये व्हीसूव्हिअसच्या राखेखाली गाडले गेलेले असे चांदीचे पेले बोस्कोरेआले येथे १८९५ साली सापडले.

हे रोम आपल्याला अगदीच परके नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या इटलीच्या मद्याची आणि राजासाठी आणलेल्या चांदीच्या पात्रांची नोंद आहे. त्यात आपले कल्याणही येते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत रोमन घडणीची कांस्याची सुरई मिळाली आहे.

मात्र आकार एक असला तरी काम उलटे. माणसाचा पेला आतले सांडू नये म्हणून घडवलेला; क्लॅडोनियाचा पेला सांडावे म्हणूनच! पावसाचा टपोरा थेंब त्यात आदळला की शिंतोड्यांबरोबर पेल्यावरची बारीक भुकटी दूर उडते. अशा शिंतोडे उडवणाऱ्या पेल्यांची मांडणी कॅनडातील ब्रोडी यांनी १९५१ साली केली. भुकटीच्या कणात बुरशी आणि शैवल दोन्ही असतात. संसार मोडत नाही. खोडावरच्या शैवाकाच्या वाटीतून मात्र केवळ बुरशीचे बीजाणू हवेत फेकले जातात. त्यांना नवा जोडीदार शोधावा लागतो.

शैवाकांची वाढ फार मंद, अनेकांची वर्षाला काही मिलिमीटरच. शिवाय गंधकयुक्त धूर त्यांतल्या पुष्कळ जातींना सोसत नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ त्यांना हवेच्या शुद्धतेचे साक्षीदार मानतात. भांडे फुटले तर तांबट दुसरे घडवील. खोडावरची वाटी खरवडली गेली, तर तिची भरपाई व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतील.