हवेतील वाफ आणि रेडिओ-दुर्बीण

मोरा बंदरावरून रात्री दूरचे दिवे लुकलुकताना दिसतात. त्याचे कारण मुख्यतः हवेतील उष्णतेचे चढउतार हे होय. मिलिमीटर लांबीच्या रेडिओ-लहरी टिपणाऱ्या दुर्बिणींना मात्र पाण्याची अदृश्य वाफ अधिक पीडा देते.

थंड पाण्याने भरलेले फुलपात्र वर्गात ठेवले की त्याच्या बाहेरील अंगावर थेंब जमतात. एवढा प्रयोग बहुतेक शिक्षक करतात. पुढची गोष्ट सांगावयाची राहून जाते. ही वाफ हवेत समप्रमाणात पसरलेली नसते. खाडीवरचे व तापलेल्या जमिनीवरचे झोत मिसळतात, मोठ्या भोवऱ्यांतून लहान भोवरे निघतात आणि वाफ कोठे अधिक, कोठे उणी होते.

वाफेतून जाताना रेडिओ-लहर किंचित मंदावते. डोक्यावरील साऱ्या वाफेचे पाणी करून त्याचा थर १ मिलिमीटर भरला, तर लहरीस जणू सुमारे ६.५ मिलिमीटर अधिक वाट चालावी लागते. आता दोन थाळ्या एकाच ताऱ्याकडे रोखल्या आहेत व एकीवर ०.१ मिलिमीटर पाणी अधिक आहे, असे समजावे. वाटेतील फरक ०.६५ मिलिमीटर पडेल. लहरीची लांबी १.३ मिलिमीटर असल्यास ही नेमकी अर्धी लहर झाली. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येऊन दोन्ही पुसल्या जातात. फळ्यावर दोन लहरी काढून हे सहज दाखविता येते. लहर १ मीटर लांबीची असेल, तर तोच फरक तिच्या दीडहजाराव्या भागाहूनही लहान ठरतो.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या ३० थाळ्यांच्या दुर्बिणीस वाफेची फारशी बाधा का होत नाही, हे यावरून कळते. तिच्या लहरी मीटरच्या मापाच्या आहेत. तिला त्रास होतो तो बराच उंचावरील विद्युद्भारित थराचा.

चिली देशातील ६६ थाळ्यांची अल्मा दुर्बीण सुमारे ५००० मीटर उंचीवर, अतिशय कोरड्या पठारावर आहे. तेथेही वाफेपासून पूर्ण सुटका नाही. रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ साली भोवऱ्यांविषयी मांडलेल्या नियमांवरून, थाळ्यांतील अंतर वाढले की वाटेतील फरक किती वाढेल, याचा अंदाज बांधता येतो. वाऱ्याचा वेग ठाऊक असल्यास तो फरक किती वेळात पालटेल, हेही काढता येते. परंतु अंदाज तो अंदाजच. प्रत्यक्ष क्षणी वाफ किती, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी अल्माच्या मोठ्या थाळ्यांवर वाफेच्या स्वतःच्या रेडिओ-लहरी मोजणारी यंत्रे बसविली असून, त्यांच्या नोंदींवरून प्रत्येक थाळीच्या मापनातील विलंब वजा केला जातो.